आडवी मनकर्णा

आमच्या खळेवाडीत मांजर आडवं गेलं तर मानूस घटकाभर थांबतो, दोन पावलं मागं सरतो आन् पुन्हा आपल्या वाटंला लागतो. पन माझी पुतनी मनकर्णा आडवी गेली की सुंदरराव आप्पा जीप वळवून घरी जायचे, हातपाय धुवायचे, तांब्याभर पानी प्यायचे आन् मग दुसऱ्या वाटंनं निघायचे. आता तुमी म्हनताल, एवढा मोठा मानूस, दूध संघाचा चेअरमन, आन् शेळ्या राखनाऱ्याच्या पोरीला भेतो? भेतो. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, कुनाच्या सांगन्यावर बोलत न्हाई.

मी साखराबाई. मनकर्णाचा बाप सटवा माझा थोरला दीर, म्हंजे मी तिची काकू. तिची माय लवकर गेली, म्हनून पोरगी माझ्याच चुलीपुढं वाढली. भारताच्या टीममधी हॉकी खेळली ती मनकर्णा हीच. वडवणी तालुक्यात कुनाला बी इचारा, घर दाखवतेल. फक्त हॉकीवाली कुठं ऱ्हाती असं इचारू नका, कुनाला कळनार न्हाई. आडवी कुठं ऱ्हाती म्हना.

हे नाव आप्पामुळं पडलं. पोरगी तवा परकरात व्हती. एक शेळी बिथरली, तिच्यामागं ही काठी घेऊन, अनवानी, सरळ आप्पाच्या जीपपुढून गेली. बंकट ड्रायवरनं करकचून ब्रेक मारला. आप्पा संघाच्या निवडनुकीचा फॉर्म भरायला चाललते. त्यांचं डोकं पुढच्या काचंवर आपटलं, फेटा नाकावर आला. तवापसून आप्पा जीपमधी बसले की वरची कडी धरूनच बसतेत, जीप उभी असली तरी. आन् त्या निवडनुकीत आप्पा पडले. आता ते सोताच्या तोंडानं पडले का पोरीच्या पायानं, ते मतं देनारांनाच माहीत.

मग एकदा आप्पा उमापूरला थोरल्या लेकासाठी पोरगी बघायला निघाले, आन् पुन्हा हीच आडवी. पोरीवाल्यांनी नकार दिला. अहो, आप्पाचा हा आसाराम कसा हाय ते गावाला माहीत व्हतं, त्याला नकार द्यायला मनकर्णा कशाला लागती? पन आप्पाच्या डोस्क्यात पक्कं बसलं. त्याच्यानंतर जीप काढायच्या आधी बंकट गावात चक्कर मारायचा. "आडवी कुठं हाय?" असं इचारत फिरायचा. "शेळ्या घेऊन माळाला गेली," असं कळलं की मगच जीप चालू व्हायची. मंत्र्यासाठी रस्ता मोकळा करतेत, तसा हिच्यापसून रस्ता मोकळा करायचे. पोरगी शाळंत जायला लागली तर तिथं बी आडवीच. लई रडायची. मी म्हनायचे, "रडतीस कावून? चेअरमन भेतो अशी दुसरी कोन हाय का तालुक्यात?"

हॉकी आनली राधाकिशन मास्तरनं. मास्तर नेकनूरचे, अंगानं काटकुळे, आवाज मात्र बैलाला हाकल्यावानी. त्यांनी कुठून तरी जुन्या काठ्या आनल्या. पन खळेवाडीत सपाट जागा कुठली? सगळा खडक. सपाट म्हंजे एकच, पाझर तलावाचा तळ. तळं आटलं की गाळ वाळून टनक व्हायचा. भेगा पडायच्या, त्या पोरी माती घालून बुजवायच्या आन् खेळायच्या. म्हंजे बघा, दुष्काळ असला की हॉकी चालू. तळ्यात पानी आलं की हॉकी बंद. सगळं गाव मारुतीपुढं पानी मागत असायचं आन् ही पोरगी खांबामागं हात जोडून म्हनायची, "देवा, औंदा बी तळं कोरडं ठेव." सटवाभाऊजीनं ऐकलं आन् असा धपाटा घातला म्हनता, की मारुती बी दचकला असंल.

खेळात सगळ्या पोरींना गोल मारायचा व्हता. ही मागं उभी ऱ्हायची. मास्तरनं इचारलं, "तुला पुढं जाऊ वाटत न्हाई का?" तर म्हनली, "पुढं गेले तर मागं कोन बघनार?" शेळ्या राखून राखून तिला एक कळलं व्हतं. शेळी तोंड इकडं करती आन् जाती तिकडं. तोंडाकडं बघनारा फसतो. कमरंकडं बघायचं. जिकडं जायचं तिकडं कंबर आधी वळती. समोरून येनाऱ्या पोरीच्या कमरंकडं बघून ही आधीच त्या वाटंवर जाऊन उभी असायची. चेंडू आपसूक हिच्या काठीवर यायचा. मास्तर म्हनले, "ह्याला डिफेंडर म्हनतेत." आमी म्हनलो, म्हनू द्या, आमी तर आडवीच म्हनतो.

ती बीडला गेली, मग पुन्याच्या होस्टेलात, मग बेंगलोरच्या कॅम्पात, मग इमानात. कोरिया, हॉलंड, आनखी कुठकुठं. नावं मला येत न्हाईत, तिथल्या थंडीचं मात्र तिनं लई सांगितलं. मॅच असली की गाव आमच्या बायांच्या दूध संस्थेच्या हापिसात टीव्हीपुढं बसायचं. आता चेंडू जिकडं, टीव्ही तिकडं. आपल्या पोरींनी हल्ला केला की मनकर्णा दिसायचीच न्हाई. मानसं म्हनायची, "आपली कुठं बसली काय की." आन् दिसायची कवा? आपल्यावर संकट आल्यावर. त्यामुळं ती टीव्हीवर दिसली की गावाच्या काळजात धस्स व्हायचं. आप्पा तर टीव्हीकडं पाठ करायचे. फोन केला की गाव एकच इचारायचं, "किती गोल मारले?" ही म्हनायची, "एक बी न्हाई." मग फोन दुसऱ्याकडं जायचा आन् तो बी तेच इचारायचा.

आप्पा चेअरमन झाल्यावर संघाला तिचा सत्कार करावा लागला. आसपासच्या संस्थांनी केलते, मग आपल्या संघानं मागं कसं ऱ्हायचं? आप्पा तिच्याकडं न बघताच हार घालू लागले, तो अर्धा माईकच्या गळ्यात पडला. भाषनात म्हनले, "आपल्या कन्येनं परदेशात गोलावर गोल करून..." मनकर्णा शेजारी उभी व्हती. हळूच म्हनली, "आप्पा, मी गोल करीत न्हाई." पन माईक चालू व्हता, सगळ्यांना ऐकू गेलं. आप्पा भांबावले. "मंग तिथं करतीस काय?" तर ही म्हनली, "आडवी जाते."

मंडपात एवढा हशा झाला की जिलब्या तळनारा आचारी बाहेर येऊन बघू लागला. आप्पा जे खाली बसले ते आभार मानायला बी उठले न्हाईत.

आता मी त्या दुष्काळाचं सांगते. तळं असं आटलं की गाळात मासे बी न्हाई ऱ्हायले. संघानं तळ्याच्या पाळीला लागून माळावर चाऱ्याची छावनी काढली. गावची समदी जनावरं तिथं. आमी बाया तिथंच पाल ठोकून ऱ्हायलो, तिथंच चूल, तिथंच शेनघान. उसाच्या गाड्या यायच्या, उसाच्या शेंड्यांचं वाढं यायचं, टँकर यायचा. माझी चंद्री गाय तवा गाभन, दिस भरत आलेले. आमच्या बायांच्या दूध संस्थेत ह्या गाईंच्याच जिवावर दूध व्हतं. छावनी व्हती म्हनून गाई व्हत्या.

मनकर्णा त्याच दिसांत गावाकडं आलती. गुडगा दुखावला व्हता. डॉक्टरनं सांगितलं व्हतं, महिनाभर चालायचं, पन पळायचं न्हाई. पळालीस तर आतली दोरी तुटंल आन् मग खेळ इसर. महिन्यानं बेंगलोरला कॅम्प व्हता. त्या कॅम्पातून वर्ल्ड कपची टीम निघनार व्हती. तिला एवढा एक वर्ल्ड कप खेळायचा व्हता, मग काय बी झालं तरी चालंल म्हनायची. हॉकीची काठी टेकीत टेकीत छावनीत यायची आन् माझ्या पालात गुडगा शेकीत बसायची. मी मिठाची पुरचुंडी गरम करून द्यायचे. आमचं बरं चाललं व्हतं.

आन् एक दिवस टीव्हीवरचा हवामानवाला म्हनला, आठ दिसांत पाऊस. झालं! रोज उसाच्या गाड्या बघून संचालक कटाळलेच व्हते. लगीच ठराव आला, छावनी बंद. सोमवारी वडवणीला संघाच्या हापिसात अकराची मीटिंग. ठराव झाला की संध्याकाळी पालं काढायची. आन् जनावरं न्यायची कुठं? घरी प्यायला पानी न्हाई, तिथं गाय काय खानार? नेकनूरच्या बाजारात न्यायची आन् जो भाव इल तो घ्यायचा. मी चंद्रीच्या पोटावर हात ठेवला. आत वासरू हालत व्हतं. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

छबुबाई आमच्या संस्थेची सेक्रेटरी. तिला कायदा पाठ. ती म्हनली, "आपल्या बाजूचे संचालक मीटिंगला जानार न्हाईत. ऱ्हायलेल्यांत आप्पा धरले तरच कोरम भरतो. आप्पा गेले न्हाईत तर मीटिंग तहकूब. पुन्हा नोटीस काढा, पुन्हा तारीख धरा, तवर गाई जगत्यात." कोरम म्हंजे काय ते सहकारातल्या मानसाला सांगाया नको. देव एक वेळ भक्ताबिगर ऱ्हाईल, संचालक कोरमबिगर ऱ्हानार न्हाई.

"मंग आप्पाला थांबवायचं कसं?" मी इचारलं.

छबुबाई हसत म्हनली, "आडवीला धाडा."

बाया खदाखदा हसल्या. मग एकेक करून समद्या माझ्या पालाकडं बघू लागल्या. मनकर्णा तिथं गुडगा शेकीत बसलेली. माझं डोकंच फिरलं. म्हनलं, "छबे, पोरीनं त्या नावापायी लहानपनी किती रडून काढलंय तुला ठावं हाय का? पुन्हा ते नाव घेतलंस तर तुझा कोरमच मोडते!"

पन मनकर्णाच उठली. "जाते की. काकू, एवढी वर्सं फुकटचं नाव वागवलं. एकदा तरी कामाला येऊ दे."

"आन् गुडगा?"

"चालत जाते. डिफेंडर पळत न्हाई काकू. आधीच जागा धरून उभा ऱ्हातो. पळायची पाळी आली म्हंजे चूक आधीच झालेली असती."

"गळ्याची आन घे. पळनार न्हाईस."

तिनं माझ्या गळ्याला हात लावला.

सोमवारी सकाळी बंकट नेहमीसारखा चक्कर मारायला आला. मनकर्णा माझ्या पालात वाकळ घेऊन झोपलेली त्यानं बघितली. "आडवी झोपलीया," असा निरोप घेऊन गेला. तो वळला की ही उठली, काठी घेतली आन् पायवाटंनं मारुतीच्या पाराकडं गेली. मी मागून. जीप पारापशी आली, तशी ही संथपनं ह्या बाजूनं त्या बाजूला गेली. मधी थांबून म्हनली, "राम राम आप्पा." आप्पांनी कडी अशी आवळली की हाताची बोटं पांढरी पडली. बंकटनं इचारायच्या आधीच जीप मागं वळवली.

आप्पा घरी गेले, हातपाय धुतले, पानी प्याले. पुन्हा जीप निघाली. तोंड पाराकडंच व्हतं. मी म्हनलं, पुन्हा इकडूनच येतेत. मनकर्णा म्हनली, "तोंड बघू नको काकू, पुढची चाकं बघ. शाळंकडं वळल्यात." आन् निघाली चालत, आडबोळातून. जीप शाळंला वळसा घालून आली तवर ही फाटकापुढं उभी. पुन्हा ह्या बाजूनं त्या बाजूला, पुन्हा राम राम.

आता आप्पांचा फेटाच हालला. जीपमधून वरडले, "मनकर्णे, गावात तुला दुसरा रस्ता घावत न्हाई का गं?"

"रस्ते लई हायेत आप्पा. पन तुमी ज्याच्यावर येताव तोच माझा."

जीप पुन्हा घरी. पुन्हा पानी. एका सकाळी एवढं पानी त्या दुष्काळात दुसऱ्या कुनी प्यालं नसंल.

मग बराच वेळ काहीच हालचाल न्हाई. उन्हं वर आली. बाया म्हनल्या, जिंकलो, आता कुठले जातेत. आन् तेवढ्यात वाड्यावरून जीप भन्नाट सुटली. आप्पाचा गुलाबी फेटा पुढच्या शिटावर दिसत व्हता. बंकटनं हॉर्न दाबूनच धरला. "निघाले! निघाले!" करीत समद्या बाया वेशीकडं पळाल्या. मनकर्णा बी दोन पावलं गेली आन् थांबली.

"काकू, कडी धरली न्हाई."

"काय?"

"त्यानं कडी धरली न्हाई. ते आप्पा न्हाईत."

खरंच व्हतं. संघाचा शिपाई आप्पाचा फेटा घालून ऐटीत मांडीवर हात ठेवून बसला व्हता. आता जीप हिकडं, तर आप्पा कुठं? मनकर्णानं तळ्याकडं बघितलं. पाळीच्या पल्याड धुराळा उडत व्हता. तळं भरलेलं असतं तर ती वाटच न्हवती. कोरडं व्हतं म्हनून तळातून फटफटी सरळ डांबरी रस्त्याला लागती. आसाराम चालवत व्हता आन् मागं बोडक्या डोक्यानं आप्पा, लेकाच्या कमरंला मिठी मारून. त्या मानसानं पोरीला डॉज दिलता! हॉकी बघायची न्हाई म्हनून टीव्हीकडं पाठ करनाऱ्या मानसानं!

मी म्हनलं, "जाऊ दे मने. न्हाई घावत आता."

आन् ती पळाली.

मी पाळीवर चढले आन् बोंबलले, "पळू नको! आन घेतलीस! मने, पळू नको!" तिनं ऐकलं बी असंल. पन तो तळ तिचा व्हता. कुठं भेग हाय, कुठं खडक वर आलाय, तिला पायानं माहीत. आसाराम भेगा चुकवीत नागमोडी येत व्हता, ही सरळ गेली. किती वर्सांनी मी तिला पळताना डोळ्यापुढं बघितली. टीव्हीत मानूस बारीक दिसतो. इथं माझी पोरगी केस सुटून, पदर नसलेल्या ड्रेसात, काठी दोन्ही हातात धरून जात व्हती, आन् मला भ्या बी वाटत व्हतं आन् अभिमान बी वाटत व्हता. फटफटी यायच्या आधी ती पुढच्या वाटंवर पोचली, ह्या बाजूनं त्या बाजूला गेली आन् तिकडं गेल्यावर खाली बसली. बसली न्हाई, पडली.

आसारामनं ब्रेक मारला. मी धापा टाकीत तिथं पोचले, तवा मनकर्णा दोन्ही हातांनी गुडगा धरून मातीत पडली व्हती. वरडत न्हवती. व्हट तेवढे चावून धरले व्हते.

आसाराम म्हनला, "खरंच लागलं का नाटक करतीस?"

ती तशात म्हनली, "नाटक गोल मारनारे फॉरवर्ड करतेत."

आसारामनं फटफटी बंद केलीच न्हवती. आप्पाला म्हनला, "आप्पा, बसा. अजून टाइम हाय. ती कडंला पडली, वाट मोकळी हाय."

आन् आप्पा फटफटीवरून उतरले. एवढी वर्सं जिचं तोंड बघत न्हवते, तिच्यापुढं गुडगे टेकून मातीत बसले. गळ्यातलं उपरनं काढून तिच्या पायाला आवळून बांधलं. लेकाला म्हनले, "मोकळी हाय? डोळे फुटले का बे तुझे? पोरगी आडवी पडलीया! उचल तिला. बीडला न्हे, मोठ्या डॉक्टरकडं. वडवणीत थांबू नको."

"आन् मीटिंग?"

"मीटिंगच्या..." पुढचं आप्पा जे बोलले ते चेअरमनला शोभनारं न्हवतं, म्हनून मी सांगत न्हाई.

मी मागं बसले, मनकर्णाला मधी धरली. आप्पा एकटे तळ्याच्या तळात बोडक्या डोक्यानं उभे. पुढचं मला छबुबाईनं सांगितलं, तवा त्यात थोडी भर धरा. आप्पा पायी छावनीवर आले. छावनी काढल्यापसून जीपमधून उतरून ते पयल्यांदाच आत आले. बायांनी चहा दिला. ते चंद्रीपशी बसून ऱ्हायले आन् इचारलं, "ही कवा वेनार?" छबुबाई म्हनली, "मीटिंग झाली असती तर नेकनूरच्या बाजारात." आप्पांनी चहा सगळा प्याला. वडवणीला संचालक दीड वाजेस्तोवर वाट बघून घरी गेले.

फटफटीवर मी सगळ्या वाटंनं रडत व्हते. मनकर्णाच मला म्हनली, "काकू, रडू नको. चूक माझीच झाली."

"कसली चूक गं बाई?"

"पळावं लागलं."

दोरी तुटली व्हती. आपरेशन झालं. कॅम्प गेला, वर्ल्ड कप गेला. आठ दिसांत येनारा पाऊस दीड महिन्यानं आला. तवर छावनी चालू ऱ्हायली, कारन नवीन नोटीस निघाली तवा आप्पांनीच तो विषय खोडला. चंद्री छावनीतच वेली. कालवड झाली. मनकर्णानं तिचं नाव कोरम ठेवलं.

वर्ल्ड कपच्या मॅचा आमी संस्थेच्या हापिसातच बघितल्या. मनकर्णा खुर्चीवर पाय लांब करून. तिच्या जागी दुसरी पोरगी व्हती. एका मॅचला तिच्याच बाजूनं गोल झाला. मानसं त्या पोरीला शिव्या देऊ लागली, तशी मनकर्णा खेकसली, "गप बसा. तिची चूक न्हाई. समोरचीनं कमरंनं फसवलं." आन् मग तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत ऱ्हायली. बाहेर तळं काठोकाठ भरलेलं. लहानपनी हेच पानी तिला नको असायचं. मला लई वाईट वाटलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर म्हनली, "काकू, पदराला शेनाचा वास येतोय."

तळं भरलं म्हनून हॉकी मात्र बंद पडली न्हाई. छावनीच्या माळावर जनावरांनी तुडवून तुडवून जमीन सपाट झाली व्हती. मास्तर रिटायर झालते, तरी आले आन् चुन्याच्या रेघा मारल्या. गावच्या पोरी तिथं खेळू लागल्या. मनकर्णा वट्यावर खाटंवर पाय पसरून बसायची आन् तिथूनच वरडायची, "कंबर बघ! कंबर!" वाटंनं जानारी मानसं दचकायची.

आन् आप्पा? त्यांनी एक नवीनच सुरू केलं. मीटिंगला निघाले की जीप आमच्या वट्यापुढं उभी करायची. कडी धरूनच बसलेले. मनकर्णा इचारायची, "आज विषय काय हाय आप्पा?" आप्पा सांगायचे. तिला पटलं तर म्हनायची, "जावा." न्हाई पटलं तर हॉकीची काठी खाटंवरून रस्त्यात आडवी टाकायची. आप्पा घरी जायचे, पानी प्यायचे. संघाचे बाकीचे संचालक लई जळफळतेत, पन बोलनार कोन? संघ मात्र पयल्यापेक्षा बरा चाललाय.

मागच्या महिन्यात असेच आले. चेहरा लई खुशीत.

"आज विषय काय हाय आप्पा?"

"आज तुझाच विषय हाय. मोठा सत्कार. ह्या बारीला भाषन मी सोता लिवलंय. आयक." आप्पांनी घसा खाकरला. "ह्या मनकर्णानं आयुष्यात एक बी गोल केला न्हाई. आन् मला बी करू दिला न्हाई."

मनकर्णा एवढी हसली की खाट करकरली. मी बी हसले, बंकट बी हसला. हसता हसता तिनं इचारलं, "पन सत्कार आता कशाचा?"

"निरोपाचा. खेळ संपला म्हनून."

मनकर्णाचं हसू गेलं. ती खाटंवरून खाली उतरली. आपरेशनच्या पायावर भार देऊन, भिंतीला न धरता, एक एक पाऊल टाकीत जीपपुढून रस्त्याच्या ह्या बाजूनं त्या बाजूला गेली. काठी हातातच व्हती, पन टेकवली न्हाई.

आप्पा बघत ऱ्हायले. मग कडीवरचा एक हात काढून त्यांनी बंकटच्या खांद्यावर ठेवला.

"वळव बे," ते म्हनले. "आज मीटिंग न्हाई."